कॅसेट, कार्ड आणि कॅमकॉर्डर



छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातून आठवीतल्या एका वाचक मैत्रिणीचे पत्र आले आहे. ती लिहिते, “काका, आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलंय. नाटकाचं शूटिंग आमच्या वर्गाकडे आहे. मामा म्हणतो, माझा जुना मिनी डीव्ही कॅमकॉर्डर घेऊन जा. बाबा म्हणतात, मोबाइल असताना कॅमकॉर्डर हवाय कशाला? दुकानदार म्हणतात, फोर-के घ्या. खोक्यावर एव्हीसीएचडी, एमपी-फोर, एच-२६४ असं काय काय छापलेलं असतं. यातलं आम्ही घ्यायचं काय? आणखी एक. आमच्या कपाटात सहा छोट्या कॅसेट आहेत. त्यात आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय. आजी आता नाही. कॅसेटवर ‘हाय-८’ लिहिलंय आणि मामाच्या कॅमकॉर्डरमध्ये ती बसतच नाही. ती पुन्हा कधी बघता येईल का?”

पत्रात प्रश्न दोन दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे: फॉरमॅट. तो समजला की दुकानातही फसगत होत नाही आणि कपाटातल्या कॅसेटचेही काय करायचे ते कळते. चला तर मग!

फॉरमॅट म्हणजे काय?

कॅमकॉर्डर म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच यंत्रात. आधी ही दोन यंत्रे वेगवेगळी असत. कॅमेरा खांद्यावर, रेकॉर्डर कमरेला किंवा जमिनीवर आणि मध्ये जाडजूड वायर! १९८३ मध्ये सोनीने ‘बीटामूव्ही’ आणला आणि घरगुती वापरासाठी दोन्ही एकत्र आले. गंमत म्हणजे त्यावर शूटिंग करता येई, पण केलेले शूटिंग त्याच यंत्रावर बघता येत नसे.

आता समजा, तुम्ही एखादी गोष्ट लिहून काढली. ती वहीत लिहिली की पाटीवर, हा झाला एक प्रश्न. मोडीत लिहिली की देवनागरीत, हा दुसरा. आणि ती कोणत्या पाकिटात घालून पाठवली, हा तिसरा. वाचणाऱ्याला पाकीट उघडता आले पाहिजे आणि लिपीही वाचता आली पाहिजे. यातले एक जरी जमले नाही तरी गोष्ट असून नसल्यासारखी!

व्हिडिओचेही तसेच. चित्र कशावर साठवले? कॅसेटवर, डिस्कवर की कार्डावर? कोणत्या पद्धतीने लिहिले? त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच-२६४ हे एका कोडेकचे नाव. आणि कोणत्या फाइलीत भरले? एमपी-फोर हे त्या पाकिटाचे नाव. म्हणून ‘एमपी-फोर चांगले की एच-२६४ चांगले?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. पाकीट चांगले की लिपी, असे कोणी विचारते का?

फाळक्यांनाही हाच प्रश्न पडला होता

फॉरमॅटची कटकट आजची नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पण नुसता कॅमेरा आणून भागणार नव्हते. फिल्मच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर भोके लागतात. त्यात कॅमेऱ्याचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. भोकांचे माप चुकले की फिल्म अडकलीच. कच्च्या फिल्मला ही भोके घरीच, अंधारात पाडावी लागत. फाळक्यांनी भोके पाडायचे यंत्रही आणले होते आणि सरस्वतीबाई फाळके हे काम करायला शिकल्या. भोके आणि दाते यांचे जुळणे, हा त्या काळचा फॉरमॅट!

फाळक्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म बनवली. मोठ्या कामाआधी यंत्राची छोटी परीक्षा घेतली. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

कॅसेटचे घराणे

तुमच्या आईबाबांच्या लग्नाची कॅसेट घरात असेल तर ती बहुधा व्हीएचएस असेल, पुस्तकाएवढी मोठी. तिची फीत अर्धा इंच रुंद. ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणली. पुढे कॅमेरे लहान झाले, तशी कॅसेटही लहान झाली. १९८५ मध्ये ८ मिलिमीटर फितीची ‘व्हिडिओ-८’ आली आणि १९८९ मध्ये तिची सुधारलेली बहीण ‘हाय-८’.

या सगळ्या ॲनालॉग. म्हणजे चित्राचा संदेश लाटेच्या रूपात फितीवर उमटतो. एका कॅसेटवरून दुसरी केली की चित्र थोडे फिके, दुसरीवरून तिसरी केली की आणखी फिके. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरे कशी पुसट होतात, तसे.

१९९५ मध्ये डीव्ही पद्धत आली आणि चित्र आकड्यांत लिहिले जाऊ लागले. आकडे नीट उतरवून घेतले की नक्कल अस्सलाइतकीच चांगली! मिनी डीव्हीची कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडीच मोठी, फीत सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास. तासाभराच्या शूटिंगचा कॉम्प्युटरवर होणारा ऐवज सुमारे १३ जीबी.

१९९९ मध्ये सोनीने ‘डिजिटल-८’ काढला. त्याची कॅसेट हाय-८ सारखीच, पण लिपी डीव्हीची. म्हणजे वही जुनी, लिपी नवी. त्यानंतर छोट्या डीव्हीडीवर लिहिणारे कॅमकॉर्डर आले, मग हार्ड डिस्कवाले. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी आणली आणि हळूहळू कार्डाचे राज्य सुरू झाले.

तर आपल्या मैत्रिणीच्या मामाचा कॅमकॉर्डर मिनी डीव्हीचा आणि आजीच्या कॅसेट हाय-८ च्या. सव्वासहा मिलिमीटरच्या घरात आठ मिलिमीटरचा पाहुणा मावणार कसा? जबरदस्ती केली तर कॅसेटही जाईल आणि यंत्रही.

एका सेकंदात किती आकडे?

आता थोडे गणित. घाबरू नका, गुणाकारच आहे.

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा: २०,७३,६०० ठिपके. एका ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाखांहून जास्त बाइट झाले. सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे सुमारे १५५ एमबी. सगळे जसेच्या तसे लिहिले, तर ६४ जीबीचे कार्ड सात मिनिटांतच भरेल. नाटकाची नांदीसुद्धा पुरी होणार नाही!

म्हणून कोडेक काटकसर करतो. कशी? बीबी का मकबऱ्याचे चित्रण करायचे आहे असे समजा. कॅमेरा स्टँडवर आहे. घुमट हलत नाही, मिनार हलत नाहीत. मग प्रत्येक वेळी सगळे चित्र कशाला लिहायचे? पहिले चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्यांत फक्त बदल टिपायचा: एक कबुतर उडाले, एक माणूस चालत गेला. काही चित्रांनंतर पुन्हा एक पूर्ण चित्र.

आता तोच कॅमेरा पाणचक्कीच्या हौदावर पडणाऱ्या पाण्याकडे वळवा. तिथे प्रत्येक थेंब हलतो आहे. बदल टिपता टिपता कोडेकच्या नाकी नऊ येतात. लिहायला जागा कमी दिली असेल, तर पाण्यात चौकोन चौकोन दिसू लागतात. ही जागा ठरवणारा आकडा म्हणजे बिटरेट. खोक्यावर ‘२४ एमबीपीएस’ लिहिले असेल तर सेकंदाला २४ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ते झाले ३ मेगाबाइट, तासाला १०.८ जीबी. हा ‘बिट’ आणि ‘बाइट’ यांच्यातला घोळ भल्याभल्यांना चकवतो!

नवा कोडेक एच-२६५ आणखी काटकसरी आहे. पण शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो अडखळतो. दहा जणांना वाटायचे असेल, तर एच-२६४ च बरा.

आपल्याच गावात कॅमेऱ्याची परीक्षा

कॅमकॉर्डर घेताना कशाकडे बघायचे? छत्रपती संभाजीनगर आणि आसपासची ठिकाणे यासाठी फार छान शाळा आहेत.

पहिला धडा अजिंठ्याचा. लेण्यांत उजेड मंद, आणि चित्रांना इजा होऊ नये म्हणून फ्लॅशला बंदी. अशा ठिकाणी कॅमेऱ्याचा सेन्सर कामी येतो. पावसात वाटी ठेवली तर थोडे पाणी साचते, परात ठेवली तर जास्त. सेन्सर मोठा तसा उजेड जास्त गोळा होतो. तो लहान असेल तर अंधारात चित्रावर रवाळ ठिपके नाचतात. नाटकाच्या रंगमंचावरही तेच होणार. म्हणून खोक्यावरचे ‘मेगापिक्सेल’ विचारण्याआधी सेन्सर केवढा, ते विचारा.

दुसरा धडा वेरूळच्या कैलास लेण्याचा. अंगणात उभे राहून शिखरावरचे कोरीव काम टिपायचे आहे. इथे झूम लागतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकतात आणि दूरचे खरोखर जवळ येते. डिजिटल झूम म्हणजे आहे त्याच चित्राचा तुकडा ताणून मोठा करणे. खोक्यावर ‘३०० एक्स’ असे ठळक छापलेले असते, ते बहुतेक वेळा डिजिटलचेच. तुम्ही फक्त ऑप्टिकलचा आकडा वाचा.

तिसरा धडाही वेरूळचाच. दहा नंबरच्या चैत्यगृहात एक शब्द उच्चारला तरी तो घुमतो. मांडव असो की शाळेचे सभागृह, आवाज असाच घुमतो आणि लांबच्या कॅमेऱ्यात संवाद कळत नाहीत. म्हणून बाहेरचा माइक जोडायची सोय आहे का, ते बघा. चित्र थोडे अंधूक असले तर लोक चालवून घेतात. संवादच ऐकू आले नाहीत तर कोणी पाच मिनिटेही बघत नाही.

चौथा धडा घरचाच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते. कॅमेरा ३० किंवा ६० चित्रांवर लावलेला असेल, तर चित्रात लपलप दिसू शकते. आपल्याकडे २५ किंवा ५० चित्रे निवडावीत आणि शटर सेकंदाच्या ५० व्या किंवा १०० व्या भागावर ठेवावे. जपान-अमेरिकेहून आलेले जुने कॅमकॉर्डर एनटीएससी पद्धतीचे असतात, आपली पद्धत पाल. कोणी पाहुण्याने प्रेमाने आणून दिला तरी हे आधी तपासा.

(लेण्यांत आणि किल्ल्यांत शूटिंगचे नियम असतात. स्टँड लावायला परवानगी लागते. दारावरचा फलक वाचल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.)

मोबाइल की कॅमकॉर्डर?

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळू. बाबांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे! दहा मिनिटांची नाटिका, विज्ञान प्रदर्शन, आजोबांची मुलाखत यासाठी चांगला मोबाइल, एक स्टँड आणि कॉलरला लावायचा छोटा माइक पुरेसा आहे. मोबाइल आडवा धरा, विमानाचे चिन्ह दाबून ठेवा म्हणजे ऐन प्रवेशात फोन वाजणार नाही, आणि आधी जागा किती शिल्लक आहे ते पाहा.

पण कार्यक्रम तीन तासांचा असेल, तुम्हाला शेवटच्या रांगेत बसवले असेल आणि पात्राचा चेहरा जवळून हवा असेल, तर कॅमकॉर्डरच कामाचा. त्याचा झूम लांब पल्ल्याचा, बॅटरी बदलता येते आणि तो तासन् तास चालावा म्हणूनच बनवलेला असतो. वर्षातून एकदाच लागणार असेल तर विकत कशाला? शूटिंग करणाऱ्यांकडून एका दिवसासाठी भाड्याने घ्या. वाचलेल्या पैशांत माइक येईल, तोही चांगला.

आणि मामाचा मिनी डीव्ही? शिकायला उत्तम. पण त्यातले शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर नावाची खाच लागते आणि नव्या कॉम्प्युटरवर ती नसते. शिवाय त्याचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे. आजच्या मोठ्या टीव्हीवर ते मऊ दिसेल. स्नेहसंमेलन त्याच्या भरवशावर सोडू नये.

फोर-के बद्दल दोन शब्द. त्यात फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. मग कार्ड मोठे हवे, वेगवान हवे (त्यावर ‘व्ही-३०’ अशी खूण पाहा) आणि कॉम्प्युटरही दमदार हवा. हे सगळे नसेल, तर फुल एचडीत केलेले स्वच्छ शूटिंग कधीही चांगले. खोक्यावर फोर-के लिहिलेला, पण आत साधा सेन्सर असलेला स्वस्त कॅमेराही बाजारात असतो. दुकानात घरचे कार्ड घेऊन जा, दोन मिनिटे शूट करा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघा. फाळक्यांचा वाटाणा आठवला का?

अजून एक खाचखळगा. पुष्कळ कॅमकॉर्डर लांब शूटिंगचे आपोआप तुकडे करतात, कारण जुन्या पद्धतीच्या कार्डावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एव्हीसीएचडीत तर फाइलींसोबत त्यांची यादीही वेगळ्या फोल्डरमध्ये असते. म्हणून एकेक फाइल उचलू नका, कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवा. आणि उतरवलेले चालते आहे याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नका!

आजीच्या ओव्या

आता सर्वांत महत्त्वाचे. नाटक पुन्हा बसवता येते, आजीच्या ओव्या पुन्हा रेकॉर्ड करता येत नाहीत.

हाय-८ ची कॅसेट चालवायला हाय-८ चा चालू कॅमकॉर्डर लागेल, किंवा डिजिटल-८ चा. डिजिटल-८ च्या अनेक मॉडेलांवर (सगळ्या नव्हे!) हाय-८ ही चालते आणि तिथल्या तिथे तिचे डिजिटल रूप होऊन कॉम्प्युटरकडे जाते. नातेवाइकांत, शेजारीपाजारी विचारा. जुन्या लग्नांचे शूटिंग करणाऱ्यांच्या माळ्यावर असे यंत्र हमखास सापडते. मिळाले नाही, तर कॅसेटचे डिजिटल करून देणाऱ्यांकडे द्या. मात्र देताना सहाही एकदम देऊ नका. आधी सगळ्यांत कमी महत्त्वाची एक द्या, काम बघा, मग बाकीच्या.

चालवण्याआधी कॅसेटच्या छोट्या खिडकीतून फितीच्या कडा पाहा. पांढरट बुरशी दिसली तर ती अजिबात चालवू नका. बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. अशा कॅसेटची सफाई जाणकाराकडूनच करून घ्या. कॅसेटच्या कडेला छोटी सरकती पट्टी असते, ती ‘रेकॉर्डिंग बंद’ बाजूला सरकवा, म्हणजे चुकून ओव्यांवर दुसरे काही उमटणार नाही. कॅसेट उन्हात, दमट कपाटात किंवा स्पीकरजवळ ठेवू नका.

आणि हे काम ‘मे महिन्याच्या सुट्टीत बघू’ म्हणून टाळू नका. कॅसेट टिकली तरी ती चालवणारे यंत्र टिकत नाही. व्हीएचएस प्लेअर बनवणारी फुनाई ही जपानी कंपनी बहुधा शेवटची होती. तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. जे आहेत ते जुनेच, आणि दर वर्षी त्यांतले काही बंद पडतात.

डिजिटल झाले की काम संपले का? नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. एकाच जागी असलेली वस्तू एकाच अपघातात जाते. म्हणून तीन प्रती करा: एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या मावशीकडे किंवा काकांकडे. फाइलीला ‘व्हिडिओ १’ असे नाव देऊ नका. ‘आजीच्या ओव्या’, गाव, साल असे लिहा. कॅसेटवरचे आवाज ओळखणारी मोठी माणसे घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून विचारा, हा कोण, ती कोण. हे काम कुठलेही यंत्र करून देणार नाही.

करून पाहा

मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा. एक मिनिट तुळशीवृंदावनाचे शूटिंग करा, एक मिनिट धो धो वाहणाऱ्या नळाचे (खाली बादली ठेवा, पाणी वाया घालवू नका!). दोन्ही फाइलींचा आकार लिहा. नळाची फाइल मोठी आली, तर का ते तुम्हाला आता माहीत आहे. आकार सारखाच आला, तर नळाचे चित्र मध्येच थांबवून नीट पाहा. थेंब सुटे दिसतात की चौकोन?

कोडे

कार्ड ३२ जीबीचे. कॅमकॉर्डरचा बिटरेट १६ एमबीपीएस. नाटक, नाच, बक्षीस समारंभ आणि मुख्य पाहुण्यांचे भाषण मिळून कार्यक्रम चार तासांचा. कार्ड पुरेल का? (१ जीबी म्हणजे १००० एमबी धरा.)

उत्तर: सेकंदाला २ एमबी, म्हणजे ३२,००० एमबीत १६,००० सेकंद, म्हणजे सुमारे ४ तास २६ मिनिटे. पुरेल, पण पाहुणे फारच बोलके निघाले तर दुसरे कार्ड खिशात असलेले बरे!

तुमच्या घरी कोणत्या कॅसेट आहेत, त्यांच्यावर काय लिहिले आहे आणि त्यात कोणाचा आवाज आहे, ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.